परवान्यांसाठी अनुदान हवंच, पण माणसांवर खर्चा

‘इंटरनेटच्या केबल टाकायला परवाने देणं हे स्थानिक प्रशासनाचं कामच आहे, त्यासाठी वेगळं अनुदान कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण अमेरिकेतल्या छोट्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) अर्जासोबतचे नकाशे तपासायला एकच इंजिनिअर असू शकतो, पाण्याच्या लाइनींचं कामही त्याच्याच गळ्यात. तिथल्या २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडसाठी (वेगवान इंटरनेटसाठी) ४२.४५ अब्ज डॉलर मंजूर केले. फायबर केबलचे अर्ज एकदम आले की ढीग साचणारच. एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) २०१८मध्ये ‘स्मॉल सेल’च्या, म्हणजे मोबाइलच्या छोट्या अँटेनांच्या, अर्जांना ६० ते ९० दिवसांची मुदत घातली, पण मुदतीने माणूस वाढत नाही. तपासनीस नेमा. नुसतं पोर्टल नको, तिथेही अर्ज पडूनच राहतात! आणि केबल ज्यांवर चढते ते खांब बहुतेकदा वीज कंपनीचे. जुन्या तारा सरकवून जागा झाल्याशिवाय परवाना हातात असूनही केबल चढत नाही.