गोऱ्ह्याच्या गाईचं दूध अन् तिसऱ्या महिन्यातली पुडी

शोभाकाकू, बी-३०२: ए विंगमधल्या सुनेला तिसरा लागला म्हणे. उमरेड रोडकडे एक जण पुडी देतात. जिला गोऱ्हा झाला अशा गाईच्या दुधातून सकाळी घ्यायची, मुलगाच होतो. पत्ता पाहिजे असेल तर सांगा.

वंदनाताई, ए-१०४: काकू, राग मानू नका, पण तो पत्ता कोणालाच देऊ नका. मी इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्या आधारावर सांगते. बाईच्या अंड्यात एक्स गुणसूत्र असतं. पुरुषाच्या साधारण अर्ध्या शुक्राणूंत एक्स, अर्ध्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू अंड्यात शिरला तर बहुतेकदा मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा; त्याच क्षणी गुणसूत्रं ठरली. तिसरा महिना लागेपर्यंत ती गोष्ट कधीचीच होऊन गेलेली असते. पुडीनं काय बदलणार?

शोभाकाकू, बी-३०२: मंग सुनेलाच काहून बोलतात सारे? मला तिसरी पोरगी झाली तर सासूबाईंनी बारशाला कोणाला बोलावलं नव्हतं.

वंदनाताई, ए-१०४: फार वाईट केलं, काकू. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईनं किड्यांच्या पेशी तपासून वाय गुणसूत्राचा हा संबंध दाखवला होता. आता नवऱ्यालाही दोष नको. कोणता शुक्राणू पोचेल हे त्याच्याही हातात नाही.

अक्षय, सी-२०१: ताई, सुरुवातीला सगळे गर्भ मुलीच असतात, असं वाचलं होतं. खरं आहे का?

वंदनाताई, ए-१०४: नाही रे. सुरुवातीला दोन्हीकडची तयारी असते. पोटातल्या ग्रंथी ना अंडाशय ना वृषण, नळ्यांच्याही दोन जोड्या. गर्भधारणेनंतर ६-७ आठवड्यांच्या सुमारास वाय गुणसूत्रावरचं ‘एसआरवाय’ जनुक कामाला लागतं अन् वृषण बनू लागतात. हे जनुक १९९० मध्ये सापडलं. ज्या नळ्यांपासून गर्भाशय बनतं, ती जोडी वृषणातलं एक हार्मोन विरघळवतं, अन् टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दुसरी जोडी टिकवतं. मुलीतही अंडाशय आपोआप होत नाही, त्याचीही स्वतःची जनुकं काम करतात. स्तनाग्रं या सगळ्याच्या आधी तयार होतात, म्हणून ती पुरुषांनाही असतात.
आणि एक्स-वाय म्हणजे मुलगा हे बहुतेकदा खरं, नेहमी नाही. काही बाळांच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नाहीत, ती दिसायला मुलीसारखी वाढतात. अशा बाळाला अन् आईला नावं ठेवू नये, नीट डॉक्टर गाठावा.

सेक्रेटरी, डी-४०१: सोनोग्राफीत मुलगा की मुलगी विचारणं हासुद्धा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९८८ मध्येच कायदा झाला, देशात १९९४ मध्ये. घरच्यांनाही शिक्षा होते.

मीनल, बी-१०३: ताई, माझी बहीण तशीच पुडी घेऊन राहिली. सासूनं आणून दिली. नुसती जडीबुटी आहे म्हणतात.

वंदनाताई, ए-१०४: मीनल, आत्ता फोन कर, बंद करायला सांग. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला, त्यात मृत बाळ जन्मण्याशी अन् जन्मजात व्यंगांशी संबंध दिसला. काहींत तर टेस्टोस्टेरॉन सापडलं. तिसऱ्या महिन्यात बाळाचे अवयव आकार घेत असतात. बाहेरून असं हार्मोन गेलं तर मुलीचा मुलगा होत नाही, तिच्या अवयवांची वाढ मात्र बिघडू शकते. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, किती दिवस घेतली तेही सांगा. सासू काय म्हणतील ते नंतर पाहू.

मीनल, बी-१०३: लावते. उद्या सकाळी तिला घेऊन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाते.

शोभाकाकू, बी-३०२: मी येते सोबत. तिच्या सासूशी मी बोलते. अन् वरचा मेसेज काढून टाकते.