मदत हवी आहे : दारू सोडवायची चहातून द्यायची पावडर सांगली-मिरजेत कुठं मिळेल?

द्राक्षवाला (सोमवार, रात्री 9:10)
नमस्कार मंडळी. थोरला भाऊ पितो. आता लई झालंय. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, बागेत माणूस नाही आणि हा असा. चहातून द्यायची पावडर असते म्हणे, माणसाला कळतही नाही आणि दारूची शिसारी येते. कुठं मिळेल तेवढंच सांगा. प्रवचन नको, ते घरात आई करतेच आहे. मी पुण्यात असतो, दोन दिवसांच्या रजेवर तासगावला आलोय, उद्या निघायचंय.

कृष्णाकाठ (9:18)
वय काय? किती वर्षं पितो? देशी का इंग्लिश? रोज का बाजारादिवशी?

द्राक्षवाला (9:21)
41. रोज. त्याचा काय संबंध? पावडर पाहिजे.

माळकरी (9:30)
राम कृष्ण हरी. आमच्या चुलत्यांनी आषाढीला माळ घातली, 11 वर्षं झाली, थेंब नाही. पंढरपूर तुम्हाला काही लांब नाही. एकादशी बघून घाला माळ. औषधाबिषधाच्या नादी लागू नका.

कोरडा गडी (9:44)
काका, तुमच्या चुलत्यांचं खरं असेल. माझ्याही गळ्यात दोनदा माळ पडली, दोनदा खुंटीला अडकवून गुत्त्यावर गेलो. विठोबाचा काही दोष नाही त्यात.
आता पावडरीचं. पुडीत काय कुटलंय ते विकणाराच जाणे. डायसल्फिराम असेल तर ती गोळी मीही घेतलीय, पण डॉक्टरांनी सगळं समजावून, रोज सकाळी बायकोच्या हातून. त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद, ओकाऱ्या, छातीत धडधड, बीपी खाली. ज्याला हे माहीत आहे तो भीतीनं ग्लासाला हात लावत नाही. चहातून दिलेल्याला काय कळणार? तो नेहमीसारखी क्वार्टर मारणार आणि तुम्ही त्याला उचलून दवाखाना गाठणार. माणूस दगावतोही.

चौकस (9:52)
जाता जाता : हे डायसल्फिराम मूळचं रबराच्या कारखान्यातलं रसायन. दारूवर चालतं हे 1948 मध्ये डेन्मार्कमधून पुढं आलं.

सिस्टर मिरज (9:55)
पावडर राहू दे बाजूला. भावानं शेवटची दारू कधी घेतली? आत्ता कुठं आहे?

द्राक्षवाला (9:58)
घरीच आहे.

कृष्णाकाठ (10:02)
एकाएकाला सोडवत बसण्यापेक्षा दुकानच घालवा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की शटर खाली.

कोरडा गडी (10:07)
आमच्याकडं आडवी झाली की बाटली. आता पानटपरीवर उभी मिळते, वीस रुपये जास्त देऊन.

सिस्टर मिरज (10:09)
द्राक्षवाला, माझ्या दोन प्रश्नांपैकी एकाचं अर्धं उत्तर दिलंत. शेवटची दारू कधी?

द्राक्षवाला (10:31)
सिस्टर, शनिवारी संध्याकाळी. रात्रीपासनं माळ्यावरच्या खोलीत ठेवलाय, बाहेरनं कडी. दारू बंद म्हणजे बंद. काल हात लटलटत होते, घाम धो धो. आज जेवला नाही. दुपारपासनं अंगावरच्या मुंग्या झाडतोय, मुंगी एक नाही. चार वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाला हाका मारतोय. आई म्हणते दारूसाठी नाटकं करतोय. म्हणून तर म्हटलं पावडर मिळाली तर...

सिस्टर मिरज (10:33)
नाटक नाही हे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असं होतं आणि यात जीव जातो. आत्ता 108 लावा. उशीर होतोय म्हणाले तर मिळेल त्या गाडीनं सांगली किंवा मिरज सिव्हिल गाठा. कडी काढा, एकजण सतत जवळ बसा, लाईट चालू ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-चप्पल काही घालू नका. दारातच सांगा, "रोजची दारू अचानक बंद केलीय". गावात सलाईन लावून घेत बसू नका. अशा माणसाला ब-1, म्हणजे थायमिन, न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि दारूशिवाय अजून काही घेतो का? गोळ्या, गांजा?

माळकरी (10:36)
आधी लिंबूपाणी पाजा, उतरेल.

कोरडा गडी (10:37)
काका, चढलेली नाही हो. उतरलीय, तोच तर घोळ आहे.

द्राक्षवाला (10:41)
108 ला लागला फोन. झोपेच्या गोळ्या घेतो. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, दोन वर्षं झाली. त्यापण शनिवारी काढून घेतल्या.

सिस्टर मिरज (10:42)
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! त्या अचानक तोडल्या तरी फिट येते. रिकामी स्ट्रिप बरोबर घ्या, डॉक्टरांच्या हातात द्या.

बागायतदार (11:15)
छाटणीला माणूस नाही म्हणालात म्हणून लिहितो. मणेराजुरीकडं टोळ्या मिळतात, पण आत्ताच उचल देऊन ठेवा. पेस्टिंगची, म्हणजे काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणारी, माणसं वेगळी ठरवा, नाहीतर डोळे मागंपुढं फुटतात.

द्राक्षवाला (मंगळवार, संध्याकाळी 7:50)
आयसीयूत आहे. फिट गाडीतच आली. डॉक्टरांनी सिस्टरांचाच प्रश्न विचारला. मी शनिवार म्हणालो. वहिनी मागनं म्हणाली, नाही, रविवारी पहाटे. हिनं खिडकीतनं तांब्यात ओतून क्वार्टर दिली होती. मी तिथंच ओरडणार होतो. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत. दुपारी त्यानं मला ओळखलं, छाटणीची तारीख विचारली. रजा वाढवलीय.
आता पुढं काय? दोन वर्षांमागं एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला होता (नाव नको), तिथं पट्ट्यानं मारलं. तेव्हापासनं केंद्र म्हटलं की उसात जाऊन लपतो.

कृष्णाकाठ (8:05)
हे आत्ता सांगताय?

कोरडा गडी (8:20)
मारणारं केंद्र म्हणजे कोंडवाडा. सगळी तशी नसतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, 1986 पासून, पु.लं.च्या देणगीतून उभं राहिलेलं. मी तिथं पाच आठवडे होतो. पहिले चार दिवस सगळ्यांना शिव्या घातल्या, कुणी हात उगारला नाही. कुठंही ठेवायचं तर आधी स्वतः जाऊन बघा, नोंदणी विचारा, मानसोपचार डॉक्टर कधी येतात ते विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं, साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. त्याला फसवून नेऊ नका, एकदा फसलाय तो. 14446 ही सरकारी हेल्पलाईन आहे, तिथंही विचारता येतं.
आणि एकदा जाऊन काम भागेल असं धरू नका. मी तिसऱ्या खेपेला सुकलो.

माळकरी (8:31)
तिसऱ्या खेपेला माळ होती ना गळ्यात?

कोरडा गडी (8:33)
होती काका. गोळीही होती आणि दर गुरुवारची एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, मीटिंगही. कशानं सुटली ते मला सांगता येत नाही, तुम्ही माळेला द्या श्रेय.

सिस्टर मिरज (8:40)
द्राक्षवाला, सुट्टी देतील तेव्हा झोपेच्या गोळ्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि वहिनींना बोलू नका काही. त्यांच्यासारख्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगा असतात, फोनवरूनही चालतात. तिथं तुम्हीही बसा.

द्राक्षवाला (8:52)
बोललो नाही. ती आत त्याच्याजवळ आहे. आईनं मात्र आत्ताच फोनवर विचारलं, पावडर मिळाली का.

नवा सदस्य 77 (10:14)
मिरजेत एकजण देतो, खात्रीशीर, चव लागत नाही. व्यनि (खासगी निरोप) करा.

सिस्टर मिरज (10:15)
आधी वर जाऊन धागा वाचा.