एका चिन्हाला एकच अर्थ का नको?

नौपाडाकर: ठाण्यात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. सिग्मा (σ) हे ग्रीक अक्षर घ्या. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये तो पृष्ठभागावरच्या चार्जची घनता, रेडिएशनमध्ये स्टीफनचा स्थिरांक, मॅथ्सवाले त्यालाच स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात आणि केमिस्ट्रीत तो बंध. पोरांना सूत्र पाठ असतं तरी किंमत भलतीच टाकून येतात. बोर्डाने अकरावी-बारावीपुरता तरी एका चिन्हाला एकच अर्थ ठेवावा.

ऐरोली_इलेक्ट्रिकल: अजिबात पटलं नाही सर. ग्रीक अक्षरं 24, त्यात ओमिक्रॉन तर हुबेहूब ओ सारखा दिसतो म्हणून बाद, उरलेल्यात सगळं विज्ञान बसवणार कसं? आणि तुम्ही आत्ता सोपं केलंत तरी हीच मुलं इंजिनीअरिंगला आली की म्यू आधी घर्षणाचा, मग व्हिस्कॉसिटीचा, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये पॉयसन रेशोचा. त्यापेक्षा एकक बघायची सवय लावा. चार्जच्या सिग्मात कूलंब येतो, स्टीफनच्या सिग्मात केल्व्हिन.

नौपाडाकर: घर्षणाच्या म्यूला एकक नाही, पॉयसन रेशोलाही नाही. तिथे काय बघायचं? आणि करंटचं चिन्ह आय (i) आहे म्हणून तुम्ही इलेक्ट्रिकलवाल्यांनीच काल्पनिक संख्येच्या आयचं j हे अक्षर केलंत ना? स्वतःला अडलं तेव्हा बदललंत की!

ऐरोली_इलेक्ट्रिकल: हो बदललं, कारण एकाच समीकरणात दोन्ही आय शेजारी शेजारी यायला लागले. पण ते आमच्या शाखेपुरतं, मॅथ्सवाल्यांना आय सोडा म्हणून सांगायला आम्ही गेलो नाही.

वाशीची_डॉक्टर: पुस्तकात चालेल हो, पण काही चिन्हांना दुसरा अर्थ असूच नये. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस घ्या, 1864 च्या जिनिव्हा करारापासून तो युद्धात वैद्यकीय पथकांना संरक्षण देतो, हा दिसला की हल्ला करायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे 1960 च्या कायद्याने परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे, तरी दवाखान्यांच्या पाट्यांवर, गाडीच्या काचेवर सर्रास दिसतो आणि लोकांना तो डॉक्टरचा लोगो वाटतो. आमच्याच व्यवसायातले लोक हे करतात याचा मला खरंच राग येतो.

ऐरोली_इलेक्ट्रिकल: मॅडम, हे शंभर टक्के मान्य, तिथे जिवाचा प्रश्न आहे. सिग्माला तो नियम कशाला?

नौपाडाकर: बरं, अर्थ बदलू नका, पण प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला आणि प्रश्नपत्रिकेत कुठलं चिन्ह कशासाठी वापरलंय ते तरी छापा.

ऐरोली_इलेक्ट्रिकल: धड्यात छापा, प्रश्नपत्रिकेत नको. तिथे मुलाने स्वतः ओळखायलाच पाहिजे.