प्राध्यापकांना प्रमाणपत्र नको, आठवड्यातला एक तास द्या

तापीकाठचा

मागच्या आठवड्यात स्टाफरूमच्या फळ्यावर आणखी एक परिपत्रक लागलं. नवोपक्रमशील अध्यापनावर ऑनलाइन कार्यशाळा, शेवटी प्रमाणपत्र. आमच्या एका सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "कॅमेरा चालू ठेवावा लागतो का?" नाही म्हटल्यावर सहा जणांनी नावं दिली.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांमध्ये शिकवणं सुधारायचं असेल तर या कार्यशाळा निम्म्या करा. त्याऐवजी वेळापत्रकात सगळ्यांचा एकच तास मोकळा ठेवा. वेगवेगळ्या विषयांचे चार-पाच जण बसतील, त्या आठवड्यात वर्गात काय फसलं ते बोलतील, एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतील. मात्र हा तास कार्यभारात मोजा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं, त्यातलाच हा एक.

प्रशिक्षणं काही आजची नाहीत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, मग त्यांची नावं बदलली, २०२३ पासून मालवीय मिशन आलं. रिफ्रेशर केला की पदोन्नतीच्या फाइलला एक कागद लागतो. मीही केलेत, जेवण चांगलं होतं. पण परत आल्यावर वर्ग तोच, आणि आपणही तेच.

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी गुरुवारी दुपारी बसायला सुरुवात केली. अर्थशास्त्राचे सर, मराठीच्या मॅडम, भूगोलाचे सर आणि मी, रसायनवाला. एकदा मॅडम अर्थशास्त्राच्या तासाला मागे बसल्या. पुरवठ्याची लवचिकता चालू होती. फळ्यावर व्याख्या, उदाहरण मोटारगाडीचं. तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, तिसऱ्या बाकावरच्या पोराच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. तुम्ही त्याला मोटारीचा भाव विचारत होतात."

पुढच्या तासाला सरांनी एकच प्रश्न टाकला: केळीचा बोर्डाचा, म्हणजे जाहीर झालेला, भाव क्विंटलमागे पाचशेने पडला तर उद्याची कापणी थांबवाल का? एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोरं तुटून पडली. एक म्हणाला, घड तयार झाला की थांबता येत नाही, उन्हात झाडावरच पिकतो. दुसरा नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबागेच्या (जुन्या झाडाच्या पिलांची केळी) भावातला फरक सांगायला लागला. एक मुलगी म्हणाली, "सर, बोर्डाचा भाव कागदावर. व्यापारी त्याच्या खालीच मागतो." भाव बदलला तरी अल्पकाळात पुरवठा फारसा हलत नाही, हे पोरांनीच सांगितलं. सरांनी व्याख्या शेवटी लिहिली.

माझा प्रयोग मात्र आपटला. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९० च्या दशकापासून एक पद्धत वापरतात. वर्गात एक कळीचा प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. मी जुन्या लग्नपत्रिका कापून लाल-हिरवी कार्डं केली. झालं काय, सगळ्यांनी आधी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं कार्ड बघितलं आणि तोच रंग वर केला! गुरुवारी हे सांगितलं तेव्हा भूगोलाचे सर पोट धरून हसले, मग म्हणाले, "कार्ड छातीशी धरायला लावा, आणि डोळे मिटायला." पुढच्या वेळी चाललं. हे मला कुठल्या कार्यशाळेत कळलं असतं?

---

जुनी पाटी

सर, मी पुणे विद्यापीठाच्या काळात नोकरीला लागलो. आपलं विद्यापीठ १९९० मध्ये वेगळं झालं तेव्हा मला आठ वर्षं झाली होती. आम्ही कुठे गटात बसलो नाही. तयारी करून वर्गात जायचो, पंचेचाळीस मिनिटं बोलायचो, आणि पोरं ऐकायची. आजही कुणी बस स्टँडवर भेटतो आणि म्हणतो, सर तुमचा तो तास अजून आठवतो.

व्याख्यान वाईट नसतं. वाईट असतं ते तयारीशिवायचं व्याख्यान. त्यावर उपाय गुरुवारच्या गप्पा नाहीत, रात्री दोन तास वाचणं आहे. अमळनेरला साने गुरुजी शिकवत होते तेव्हा त्यांना कुणी अध्यापनकौशल्य शिकवायला आलं होतं का?

---

पांझरेचा पूल

आप्पा, आदर राखून सांगतो. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते, कॉलेजात नाही. आणि ते फक्त तास घेऊन घरी जात नव्हते. वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. तो नवोपक्रम नव्हे तर काय? तुमच्या उदाहरणाने तुमचाच मुद्दा पडतो.

आणि ज्यांना तुमचा तास आठवत नाही ते बस स्टँडवर थांबून तुम्हाला सांगायला येत नाहीत.

---

जुनी पाटी

हे शेवटचं वाक्य लागलं. असो. पण गुरुजींना कुणी वेळापत्रकात तास दिला नव्हता. त्यांना आतून वाटत होतं म्हणून ते करत होते. तुम्ही आतून वाटणं कार्यभारात मोजायला निघालात.

---

दोन गावं एक मोटारसायकल

मी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. नेट आहे, पीएचडी आहे, वय सदतीस. सोमवार-मंगळवार-बुधवार एका कॉलेजात, गुरुवार-शुक्रवार पारोळ्यात दुसऱ्या.

तापीकाठच्या सरांचं सगळं पटलं, केळीचा किस्सा तर फारच. पण सर, तुमचा गुरुवारचा तास तुमच्या पगारात आहे. माझा माझ्या पेट्रोलमध्ये असेल. मला घेतलेल्या तासिकेचे पैसे मिळतात, बसलेल्या तासाचे नाही. तेही कधी मार्चनंतर येतात. एका कॉलेजात तर मला स्टाफरूममध्ये खुर्चीही नाही, मी लायब्ररीत बसतो.

तुमच्याच कॉलेजातले बी.ए.चे किती तास तासिका तत्त्वावरचे लोक घेतात ते मोजा एकदा. मग कळेल की तुम्ही चौघं बसलात तेव्हा वर्गात कोण होतं. एकत्र येऊन शिकवणं सुधारा म्हणणं सोपं आहे, पण 'एकत्र' मध्ये आम्ही धरलोय का?

---

तापीकाठचा

मोजलं. आमच्या कला शाखेत निम्म्याहून जास्त. आणि आमच्या चौघांत एकही सीएचबी नव्हता, हे मला तुम्ही लिहीपर्यंत खटकलंही नव्हतं. उत्तर नाही माझ्याकडे आत्ता.

---

फाइलवाली

मी आमच्या कॉलेजात आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) बघते, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाते. एक व्यावहारिक मुद्दा. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती विचारते, पुरावा काय? तुमच्या गुरुवारचा पुरावा काय? उपस्थितीपत्रक नाही, जिओटॅग फोटो नाही, अहवाल नाही. तुम्ही खरंच बसलात की समोरच्या टपरीवर चहा पीत होतात, मी कसं सांगू?

मला हा उपक्रम आवडला आहे. म्हणूनच सांगते, दर बैठकीचा अर्ध्या पानाचा अहवाल करा, दोन फोटो काढा. नाहीतर पुढच्या वर्षी प्राचार्य बदलले की तुमचा तास गेला.

---

पांझरेचा पूल

मॅडम, फोटो आला की माणूस फोटोसाठी बसतो. "माझा तास फसला" हे अहवालात कोण लिहील? उद्या संस्थेत कुणी ती फाइल उघडून म्हणेल, हे बघा, यांना शिकवता येत नाही, स्वतःच लिहून दिलंय. आमच्याकडे असं झालंय. एकाने विभागाच्या बैठकीत अडचण मोकळेपणाने सांगितली, तिसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर पोचली होती. तेव्हापासून विभागाच्या बैठकीत फक्त सबमिशनच्या तारखा ठरतात.

---

फाइलवाली

ही भीती खरी आहे, नाकारत नाही. मग असं करा: काय फसलं ते लिहू नका, पुढच्या आठवड्यात काय बदललं तेवढं लिहा. "कार्डं छातीशी धरली" हे वाचून कुणी कुणाला नोटीस देणार नाही.

---

आकडे बोलतात

भावनेवर चाललंय सगळं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. जुनी पाटी सर, तुमचा तास किती आठवतो यापेक्षा हा फरक मोठा नाही का?

---

जुनी पाटी

आकडा मोठा आहे, मान्य. पण नीट वाचा बुवा. तो सांगतो की वर्गात काय करावं. प्राध्यापकांनी गुरुवारी एकत्र बसावं हे त्यात कुठे आहे? ते मी एकट्यानेही घरी बसून करू शकतो.

(आणि कार्डांचा प्रयोग मी आमच्या नातवाच्या क्लासमध्ये करून बघणार आहे. कुणाला सांगू नका.)

---

सातपुड्याचा पायथा

मी धडगावच्या बाजूला वनस्पतिशास्त्र शिकवते. एकट्याने का जमत नाही ते सांगते.

माझी मुलं घरी पावरी आणि भिली बोलतात. मराठी त्यांची शाळेची भाषा, इंग्रजी तिसरी, आणि झाडांची शास्त्रीय नावं लॅटिन. मी जळगावची, मला लेवा बोली येते, त्याचा इथे काही उपयोग नाही. दोन वर्षं मी समजत होते की मुलं अभ्यास करत नाहीत. मग आमच्या इतिहासाच्या सरांनी, ते इथलेच आहेत, तास बघितला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पान दाखवून नाव विचारता. त्याला नाव माहीत आहे, पण ते तुमच्या भाषेत नाही म्हणून तो गप्प आहे. आधी त्याचं नाव सांगू द्या."

आता प्रात्यक्षिकाच्या वहीत पहिला रकाना घरच्या नावाचा, दुसरा मराठी, तिसरा शास्त्रीय. पहिल्या रकान्यात मी विद्यार्थिनी असते आणि ते शिक्षक. कधी कधी एकाच झाडाला दोन पाड्यांवरची दोन नावं निघतात आणि वर्गात भांडण लागतं. मग मी विचारते, जगभर सगळ्यांना कळावं म्हणून काय करायचं? शास्त्रीय नाव कशासाठी असतं हे इतकं सहज मला आधी कधी शिकवता आलं नव्हतं.

हे मला घरी दोन तास वाचून सापडलं नसतं, सर. ते माझ्या पुस्तकात नव्हतंच, शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं. जळगावला कार्यशाळेला जायचं म्हटलं तर माझे येण्या-जाण्यात दोन दिवस जातात. शेजारच्या खुर्चीपर्यंत जायला काहीच लागत नाही.

---

भरतीवाला पोर

मी एस.वाय.ला आहे, बोललो तर चालेल ना? तुम्ही सगळे सर लोक वर्गात काय करायचं ते बोलताय. आमच्या वर्गात पटावर ऐंशी, बसतो बारा-तेरा. कापूस वेचणीला गेले की आणखी कमी. मी सकाळी ग्राउंडवर पोलीस भरतीची तयारी करतो, दुपारी वडिलांसोबत शेतात. तास चांगला झाला तर येऊ का? खरं सांगू, केळीवाला तास असता तर आलो असतो. पण दुसऱ्या दिवशी परत नोट्स लिहून घ्या असं असेल तर नाही येणार.

आणि नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला इतके विषय आहेत की कुठला मेजर, कुठला मायनर, कुठलं ओपन इलेक्टिव्ह हे सरांनाही विचारून सांगावं लागतं.

---

तापीकाठचा

भाऊ, तू बोलायलाच हवं होतंस. आणि ते विषयांचं खरं आहे. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आणि मी रसायनवाला भारतीय ज्ञानप्रणाली शिकवतोय. पहिला तास मी यूट्यूब बघून घेतला, कबूल करतो. दुसऱ्या तासाला आमच्या मॅडमना सोबत घेतलं.

काल प्राचार्यांना भेटलो. दोन गोष्टी मागितल्या: हा तास कार्यभारात धरावा, आणि सीएचबीच्या लोकांना त्याचे तासिकेइतके पैसे द्यावेत. पहिल्याला "बघू" म्हणाले. दुसऱ्याला म्हणाले, शासन फक्त शिकवलेल्या तासाचे देतं, बाकी संस्थेला विचारावं लागेल, लेखी द्या. लेखी दिलंय. पैसे येईपर्यंत दोन गावं सरांना बोलावायला मला तोंड नाही, पण तरी विचारतो, याल का?

---

दोन गावं एक मोटारसायकल

पैशांचं लेखी दिलंत हे बरं केलंत. इतक्या वर्षांत आमच्यासाठी कुणी अर्ज केल्याचं आठवत नाही. पण गुरुवारी मी पारोळ्यात असतो. बुधवार करा.

---

तापीकाठचा

बुधवारी माझी प्रात्यक्षिकं असतात. लॅब असिस्टंटला विचारून सांगतो.