मदत हवी आहे: पीएचडी फेलोशिपचा निकाल रखडलाय, तोवर सीएचबी (तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणं) घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मराठी विषयात पीएचडीला रजिस्ट्रेशन झालंय, कोर्सवर्कही संपलंय. राज्य सरकारच्या एका संस्थेच्या फेलोशिपसाठी मुलाखत दिली, कागदपत्रांची पडताळणीही झाली. त्यानंतर सगळं शांत. वेबसाइटवर ‘निकाल लवकरच’ एवढीच ओळ आहे. फोन केला, मेल केले, उत्तर तेच. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पास आहे, पण जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) हुकली. त्यामुळे यूजीसीचे महिना ३७,००० रुपये हा पर्याय नाही.

दरम्यान तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर तास मिळतायत. त्यांना सोमवारपर्यंत कळवायचंय. गाइडची हरकत नाही. घरून पैसे मागण्यासारखी परिस्थिती नाही, आणि फील्डवर्कचा प्रवासखर्च तर आत्ताच आहे. खरं सांगायचं तर रोज सकाळी उठून आधी ती वेबसाइट उघडणं मला आता थांबवायचंय. शिकवायला लागले तर डोकं ताळ्यावर राहील असं वाटतं.

अडचण अशी: जाहिरातीत ‘पूर्णवेळ संशोधक’ आणि ‘इतरत्र नोकरी नसावी’ अशा अटी आहेत, तासिका तत्त्वाचा उल्लेखच नाही. ‘काही होत नाही, घे’ असं सगळेच म्हणतात, पण निवड झाल्यावर प्रतिज्ञापत्र मलाच द्यायचंय. शिवाय रक्कम रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून मिळाली, तर सीएचबीचे महिने त्यातच येतील.

ज्यांनी राज्याची फेलोशिप प्रत्यक्ष घेतली आहे त्यांनीच कृपया सांगा: निकालाआधी घेतलेलं सीएचबीचं मानधन नोकरीत धरलं का, आणि फेलोशिपवर रुजू होताना कॉलेजकडून नेमकं कोणतं पत्र मागितलं?