हौशी ऑटोक्रॉस, घरची गाडी आणि विमा: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सायंकाळी बी आणि सी विंगच्या मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकचे कोन मांडून गाडी वळवण्याचा सराव चालू होता, अशी तक्रार कार्यालयाकडे आली आहे. बी-७०२ मधील कुटुंबाशी बोलल्यावर समजले, की त्यांचा मुलगा पुढील महिन्यात भिवंडीच्या पुढच्या एका मैदानावर होणाऱ्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये घरची गाडी घेऊन उतरणार आहे. आवारातील सराव थांबवण्यास त्यांनी लगेच मान्यता दिली, त्याबद्दल आभार. परंतु बोलता बोलता गाडीच्या विम्याचा प्रश्न निघाला, आणि आपल्या मुलुंडच्या याच सोसायटीतील आणखी काही घरांतील मुले जाणार असल्याचे कळल्यामुळे ही चर्चा सर्वांसमोर व्हावी असे वाटते.

बी-७०२ (आई):
सचिव साहेब, विषय इथे घेतलात ते बरे केलेत. गाडी माझ्या यजमानांच्या नावावर आहे, बँकेचे हप्ते अजून चालू आहेत आणि पॉलिसी पूर्ण संरक्षणाची असून झीरो डेपसुद्धा घेतलेले आहे. मुलाचे म्हणणे असे, की ऑटोक्रॉस ही शर्यतच नव्हे, कारण मैदानावर एका वेळी एकच गाडी धावते, कोणाला मागे टाकायचे नसते, फक्त कोनांमधून ठरलेल्या वाटेने कमीत कमी वेळात बाहेर पडायचे असते, आणि म्हणून विमा लागू राहील. सी-११०३ मधील काकांनी आयुष्यभर मोटार सर्व्हेअर म्हणून, म्हणजे विम्याच्या दाव्यासाठी गाडीचे नुकसान तपासण्याचे, काम केले आहे. काका, आपले मत हवे आहे.

सी-११०३:
ताई, प्रश्न वेळेवर विचारलात. एरवी तो गाडी क्रेनवर चढल्यावरच विचारला जातो. पॉलिसीचा कागद काढून त्यात ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टु यूज’, म्हणजे वापराच्या मर्यादा, हा रकाना शोधा. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे असे लिहिलेले असते, की गाडी कोणत्याही कामासाठी वापरता येईल, मात्र भाड्याने देणे, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेसमेकिंग (इतरांना वेग ठरवून देत पुढे धावणे), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा भरवसा आणि टिकाऊपणा तपासणारी स्पर्धा) आणि मोटार व्यवसायासंबंधीचा वापर यांना ही पॉलिसी लागू नाही. हे शब्द एखाद्या कंपनीने आपल्या मर्जीने घातलेले नाहीत. २००२ च्या मोटार टॅरिफपासून, म्हणजे सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या दर व अटींच्या नियमावलीपासून, ते जवळजवळ सर्वांच्या कागदावर सारखेच चालत आले आहेत.

मुलगा म्हणतो ते एका अर्थी खरे आहे. ऑटोक्रॉसमध्ये गाड्या शेजारी शेजारी पळत नाहीत, आणि त्यामुळेच तो मोटार क्रीडेतील बराच सुरक्षित प्रकार समजला जातो. परंतु दावा तपासणारा अधिकारी ‘शर्यत’ या शब्दापाशी थांबत नाही. आयोजक आहे, प्रवेश शुल्क आहे, घड्याळावर वेळ मोजली जाते आणि त्या वेळेवर क्रमांक लागतो, एवढे दिसले की तो हा वापर संघटित शर्यतीत नाही तर वेगचाचणीत नक्की बसवतो, आणि माझ्या अनुभवात असा नाकारलेला दावा पुढे तक्रारीत टिकवणे फार अवघड जाते. झीरो डेपने सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही, इतकेच. वापराची मर्यादा त्याने उठत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वापराच्या मर्यादेचा अपवाद केवळ पत्रा आणि बंपरपुरता नसतो, तो संपूर्ण पॉलिसीला लागू होतो. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपण विम्याच्या हप्त्यासोबत भरतो, तोही त्याच मर्यादेखाली येतो. शिवाय एखाद्या मार्शलला (मैदानावर सुरक्षा सांभाळणाऱ्याला) किंवा प्रेक्षकाला इजा झाली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० नुसार संघटित शर्यत व वेगचाचणी हा विमा कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येणारा बचाव आहे. मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादा नसते, आणि तो बोजा ज्यांचे नाव आरसी बुकात आहे त्यांच्यावर, म्हणजे आपल्या यजमानांवर, येऊ शकतो. गाडी गेली तरी बँकेचे हप्ते थांबत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

बी-७०२ (मुलगा):
काका, नमस्कार. हा रकाना मी कधी वाचला नव्हता. दोन शंका आहेत. जास्त हप्ता भरून एका दिवसापुरते संरक्षण वाढवता येते का? आणि सेल्फ-ड्राइव्हची भाड्याची गाडी घेऊन जाण्याचा काही मित्रांचा विचार आहे, ते चालेल का?

सी-११०३:
भाड्याच्या गाडीचा विचार आजच सोडा. अशा गाड्यांच्या करारात शर्यत आणि वेगाच्या स्पर्धांना सहसा स्पष्ट मनाई असते, त्यामुळे नुकसान झाले तर विमाही नाही आणि करारभंगही झाला, अशी दुहेरी अडचण होते.

तुझ्या पहिल्या शंकेबद्दल सांगायचे, तर टॅरिफमध्ये आयएमटी ३१ या क्रमांकाचे एक वाढीव कलम आहे, ते रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठी आहे. परंतु त्या कलमातही संघटित शर्यत, पेसमेकिंग आणि वेगचाचणी बाहेरच ठेवलेली आहे, म्हणून त्याच्या भरवशावर ऑटोक्रॉसला उतरू नये. तरीही विमा कंपनीला ईमेल लिही. कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, जागा आणि आयोजक हे सर्व स्पष्ट सांग आणि उत्तर लेखी माग. एजंटने फोनवर सांगितलेल्या ‘काही होत नाही’ला दाव्याच्या टेबलावर किंमत नसते.

एक प्रकरण सांगतो. महामार्गावर कुत्रा आडवा आल्याने गाडी दुभाजकावर गेली, असा दावा माझ्याकडे तपासणीला आला होता. गाडी उचलून पाहिली, तर चाकाला जोडणाऱ्या खालच्या आर्मवर आणि रेडिएटरच्या जाळीत लाल माती घट्ट बसलेली होती, दोन्ही बाजूंच्या टायरच्या कडा सारख्याच घासलेल्या होत्या, आणि चालकाच्या दारावर स्टिकर ओढून काढल्याचा चिकट चौकोन राहिला होता. त्यात धूळ बसून स्पर्धेचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. दुभाजकाच्या धडकेत असे काही होत नाही. दावा नाकारला गेला, आणि खोटे निवेदन दिल्यामुळे त्या गृहस्थांना पुढच्या पॉलिसीसाठीही त्रास झाला. नुकसान सोसावे लागले तर सोसावे, परंतु मैदानावरचा अपघात रस्त्यावरचा म्हणून दाखवू नये, ही माझी सर्व मुलांना कळकळीची विनंती आहे.

ए-२०४:
मला विम्यापेक्षा माणसांची काळजी वाटते. रविवारी कोन मांडले होते, तेव्हा माझी मुलगी सायकल घेऊन त्याच बाजूला होती. मैदानावर तरी प्रेक्षकांना कोण आवरते?

डी-५०१:
ताई, मी काही वर्षे अशा कार्यक्रमांत मार्शल म्हणून उभा राहिलो आहे, म्हणून उत्तर देतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानावर होतो, आणि मातीवर ब्रेक दाबल्यावर गाडी डांबरापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबते. त्यामुळे प्रेक्षकांची जागा वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नसावी. गाडी सुटली तर ती त्याच दिशेने जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील राष्ट्रीय स्तरावरील रॅलीत बंद केलेल्या मार्गावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेच्या गाडीच्या धडकेत तिघांचा मृत्यू झाला. तिथे नामांकित चालक होते, अनुभवी यंत्रणा होती, तरीही मार्गात शिरायला एक वाट उघडी राहिली. हौशी कार्यक्रमात मी सर्वांत आधी तीच गोष्ट पाहतो, की मैदानाला किती बाजूंनी वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर माणूस उभा आहे का.

कार्यक्रम चांगला की कामचलाऊ, हे पहिल्या अर्ध्या तासात कळते. आयोजकांकडे एफएमएससीआयची, म्हणजे देशातील मोटार क्रीडेच्या मान्यताप्राप्त महासंघाची परवानगी आहे का, हे आधी विचारावे, आणि स्पर्धकाच्या परवान्यासोबत मिळणारे अपघात संरक्षण किती व कशासाठी आहे, तेही लेखी घ्यावे. सकाळी गाडीची तपासणी होते, तिला आम्ही स्क्रुटिनी म्हणतो. त्यात बॅटरी हलते का, चाकांचे नट पुरेसे आवळले आहेत का, ब्रेकचे पेडल दाबल्यावर खाली बसते का, सीटबेल्ट अडकतो का, हे सर्व हाताने पाहिले जाते. नुसता कागदावर शिक्का मारून गाड्या पुढे सोडत असतील, तर तिथून परत यावे. चालकाच्या पायाखालचे मॅट काढलेच पाहिजे. पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, डिकीतली छत्री, मागच्या सीटखाली विसरलेला जॅक, काहीही गाडीत राहू नये. बाटली घरंगळत पेडलखाली गेली आणि ब्रेक अर्धाच दाबला गेला, हे मी समोर पाहिले आहे.

हेल्मेट शक्यतो मोटार क्रीडेसाठीचे घ्यावे, कारण त्याचे अस्तर आग सहज धरत नाही. काचा वर, गाडीत चालक एकटाच, आणि मागची गाडी सुटण्यापूर्वी पुढची पूर्ण बाहेर आलेली असणे आवश्यक आहे. रुग्णवाहिका एखाद्याला घेऊन रुग्णालयात गेली, तर ती परत येईपर्यंत स्पर्धा थांबली पाहिजे. हे आयोजकांना मोठ्याने विचारायला कोणी लाजू नये.

सी-११०३:
डी-५०१ यांच्या म्हणण्याला एक जोड देतो. मैदानापर्यंत जाताना आणि परत येताना रस्त्यावर विमा नेहमीसारखा चालू असतो, परंतु दिवसभर मातीत घासलेली गाडी तशीच नाशिक महामार्गावर ऐंशीने आणणे धोक्याचे आहे. टायरची आतली कड, हवेचा दाब आणि ब्रेक ऑइल पाहिल्याशिवाय मैदान सोडू नये, आणि शक्य तर दोघांनी जावे, म्हणजे दमलेल्याने परत गाडी चालवायला नको.

मुलांना अडवावे असे मला मुळीच वाटत नाही. रात्री नवी मुंबईतील पाम बीच रस्त्यावर गाड्या पळवणे हा गुन्हा आहे. सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या मानाने कोन, मार्शल आणि रुग्णवाहिका असलेले मोकळे मैदान शतपटीने चांगले. गाडी घसरल्यावर स्टिअरिंग कसे सोडवावे, हे तिथे शिकलेला मुलगा पावसात घाटातही जपून चालवतो. माझा आग्रह एवढाच, की हप्ते चालू असलेली, वडिलांच्या नावावरची, रोज ऑफिसला नेण्याची एकुलती एक गाडी या कामाला लावू नये.

बी-७०२ (आई):
काका, यजमानांनी आपले दोन्ही संदेश वाचले. घरची गाडी जाणार नाही, असे आम्ही ठरवले आहे.

बी-७०२ (मुलगा):
विमा कंपनीचे उत्तर आज आले. वेळ मोजली जाणारी स्पर्धा असल्याने पॉलिसी लागू होणार नाही आणि वाढीव संरक्षणही देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आयोजकांकडे त्यांनी स्वतः तयार केलेल्या, रोल केज (गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा) बसवलेल्या गाड्या फेऱ्यांच्या हिशेबाने मिळतात. त्यासाठी अनामत रक्कम आणि एक हमीपत्र आहे. काका, सही करण्यापूर्वी ते हमीपत्र आपल्याला दाखवायला येऊ का?

सी-११०३:
जरूर ये, बाबा. शनिवारी सकाळी ये. गाडीच्या नुकसानीत तुझा वाटा अनामत रकमेपुरताच आहे की त्याहून अधिक, आणि दुसऱ्याला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, ही दोन कलमे आपण शब्दशः वाचू. वडिलांनाही सोबत आण. इतर घरांतील मुलांनीही आपापले कागद घेऊन यायला हरकत नाही.

सचिव:
आवारासंबंधी समितीचा निर्णय कळवतो. मोकळ्या जागेत, पार्किंगमध्ये किंवा रॅम्पवर कोणत्याही वेळी कोन मांडून वाहनाचा सराव करता येणार नाही. ही जागा चालणाऱ्यांची आणि मुलांच्या खेळण्याची आहे. सूचना आज सर्व लिफ्टमध्ये लावली जाईल. शनिवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीचे कार्यालय उघडे ठेवले आहे. काका आणि डी-५०१ या दोघांनीही तिथे बसण्याचे मान्य केले आहे.