मदत हवी आहे: बाबांची ‘इराण्याकडची बिस्किटं’ मुंबईत कुठे मिळतील?

वायंगणी:
नमस्कार मंडळी. येत्या मंगळवारी एका दिवसासाठी मालवणहून मुंबईला जातोय, बांद्र्याला म्हाडात बाबांच्या गिरणी कामगार घराचे कागद द्यायचेत. दुपारी दोनपर्यंत मोकळा होईन असं धरून चाललोय आणि रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या, म्हणजे मधे आठेक तास हातात. बाबांना विचारलं काय आणू तर एकच, इराण्याकडची ती बिस्किटं. कुठली ती? तर ‘ती रे, आमी खायचो ती.’ झालं.

बाबा लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गावाला आले ते परत गेलेच नाहीत. चाकरमानी असताना गणपतीला येताना पत्र्याचा डबा भरून ही बिस्किटं आणायचे असं आई सांगते, मी तेव्हा जन्मलोच नव्हतो. त्यांना आठवतं ते एवढंच की रविवारी मेट्रो टॉकीजला मॅटिनी बघायचे आणि समोरच्या इराण्याकडे चहा प्यायचे, बिस्किटं तिथली किंवा त्याच भागातली. आमच्या इथल्या बेकरीतलं जिरा बटर आणून दिलं तर एक घास खाऊन बशीत ठेवलं. नानकटाई दिली, ती पण न्हय. मारीबद्दल तर बोलूच नका. त्यांचं वर्णन जसंच्या तसं देतो: “तां कडक होतां पण दाताक लागा नाय. चायत घातलां की फुगा, पण तुटान खाली पडा नाय.”

हे काय असू शकतं?

दुसरा प्रश्न भाचीचा. ती अकरावीत आहे, तिला ‘आतून मऊ’ चॉकलेट चिप कुकीज पाहिजेत, मोबाईलवर बघून बघून वेड लागलंय. मागच्या खेपेला एका मॉलमधल्या नावाजलेल्या दुकानातून आणल्या होत्या, नाव घेत नाही, छान खोका, रिबीन वगैरे, आणि कुडाळला उतरेपर्यंत सगळ्याचा एक लगदा. सहा कुकीजची एक कुकी झाली होती. वर बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. तेव्हा चांगली मिळण्याबरोबर घरापर्यंत टिकण्याचा पण प्रश्न आहे. आमच्याकडे सध्या पाऊस असा आहे की पापडसुद्धा रुमालासारखा घडी होतोय.

गिरगावकर७:
मेट्रोसमोरचा इराणी म्हणजे क्यानी, दुसरा कोण. १९०४ चं दुकान. धोबीतलावच्या नाक्यावरच आहे, अजून त्याच लाकडी खुर्च्या नि चौकटीचे टेबलक्लॉथ. आणि कृपा करून पुण्याच्या कयानीशी घोळ घालू नका, दर वेळी कोणीतरी घालतंच. ती वेगळी, कॅम्पात ईस्ट स्ट्रीटला, १९५५ ची, श्रूसबेरी बिस्किटांची. त्यांची दुसरी शाखा नाही, मुंबईत ‘कयानी श्रूसबेरी’ म्हणून कोणी गळ्यात मारलं तर ते कोणीतरी पुण्याहून उचलून आणलेलं किंवा नकली.

खारीचा_वाटा:
श्रूसबेरी तर शक्यच नाही, ती बटरची असते, चहात घातली की दोन सेकंदात तळाला. बाबा म्हणतात फुगा पण पडा नाय. मला वाटतं जिंजर बिस्कीट. फोर्टात याझदानीची जिंजर बिस्किटं खाल्लीयत का? घशात आलं लागतं चांगलंच. सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं आहे. दादा, बाबांना विचारा तिखटसर होती का.

वायंगणी:
विचारलं. “आला खयचा? आला आवस घाली चायत.” (आवस म्हणजे आई.) म्हणजे नाही. खारट होती का विचारलं तर म्हणाले थोडी. जिरं? “असात नसात.” वरून गुळगुळीत, गोल, पोटात पोकळ पोकळ. आणि लहान, दोन बोटांत मावेल एवढी.

परळची_पोर:
अहो बटासा! डोळे झाकून सांगते. आमच्या चाळीत एक पारशीण बाई शिकवणीला यायची तिच्या पर्समध्ये कायम असायचा. गोड बत्तासा नव्हे हां, देवाला वाहतो तो, नावावर जाऊ नका. हा खारा, मैदा तूप मीठ, कधी जिरं. सुरतेचा मूळचा. सुरतेत सांगतात की डचांच्या वखारीत पाव करणारा एक पारशी होता, डच निघून गेल्यावर त्याच्या पावाला गिऱ्हाईक राहिलं नाही, उरलेले पाव सुकून कडक व्हायचे, मग लोकांना तेच आवडायला लागले चहात बुडवायला आणि तो मुद्दामच सुकवून विकायला लागला. त्या पिठात ताडी घालायचे आंबवायला म्हणून खराब व्हायचे नाहीत. नानकटाईची गोष्ट पण त्याच घराण्याला जोडतात. खरंखोटं देव जाणे पण तुमच्या बाबांचं वर्णन तंतोतंत जमतंय.

गिरगावकर७:
ताईंशी सहमत, मी मागे घेतो. बटासा हवा तर धोबीतलावलाच पॅरिस बेकरी आहे, मेट्रोहून मरीन लाइन्सच्या बाजूला, चर्चजवळच्या गल्लीत. छोटंसं दुकान, बोर्ड शोधावा लागतो, वासाने सापडतं. चीज पापडी पण घ्या तिथली, गाडीत संपेल. क्यानीकडे बसून चहा पिऊन घ्या, खारी घ्या, पण बटासासाठी गल्लीत शिरा.

हापूस_नको:
सगळं ठीक आहे पण चव तीच मिळेल ही अपेक्षा ठेवू नका राव. तेव्हा सगळ्या भट्ट्या लाकडाच्या. आधी पाव भाजायचे, पाव निघाले की भट्टीत जी आच उरायची त्या आचेवर बटर, टोस्ट, बटासा रात्रभर सुकायचे. घाई नव्हती कोणाला. आता हवेच्या प्रदूषणावरून जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस नाहीतर विजेवर जायला सांगितलं. आमच्या माझगावच्या भट्टीवाल्याचं म्हणणं, विजेवर पाव होतो, पण बिस्कीट ‘बसत’ नाही. मला धुराचा त्रास होतो त्यामुळे मी निर्णयाच्या बाजूचा आहे, पण बिस्कीट बसत नाही हे खरंय.

आणि गावात बेकरी असताना मुंबईला कशाला बघताय? आमच्या सावंतवाडीला आजी गणपतीआधी रवा मैदा तूप साखर घरात मळून परात डोक्यावर घेऊन बेकरीत जायची. पत्र्यावर नानकटाया थापल्या की प्रत्येकाच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी अर्धी जळून यायची म्हणून आजी कागदाऐवजी फणसाच्या पानाचा तुकडा खोवायची. पान करपलं तरी ओळखू यायचं. एकदा तरी दुसऱ्याच्या नानकटाया आमच्याकडे आल्यात, आणि त्या चांगल्या होत्या म्हणून आजीने परत केल्या नाहीत.

वायंगणी:
हा हा, फणसाचं पान! आईला वाचून दाखवलं, ती म्हणते आमच्याकडे दर पत्र्याच्या कोपऱ्यात एक काजूगर लावायचे खूण म्हणून, नि तो काजू आधी कोण खाणार यावरून भांडणं. पण बाबांना मुंबईचंच पाहिजे हो. गावचं म्हटलं की गावचं.

चॉकलेट चिपचं कोणीच बोलत नाही. भाची रोज विचारते उत्तर आलं का.

ओव्हनवाली:
मी बोलते. घरून ऑर्डर घेते, पाच वर्षं झाली. तुम्ही बांद्र्यातच असणार तर थिओब्रोमा कुठेही सापडेल, २००४ ला कुलाब्याला एक दुकान होतं, आता गल्लोगल्ली आहे. त्यांचे ब्राउनी जास्त नावाजलेले, पण कुकीज चांगल्या आहेत. बांद्र्यात छोट्या होम बेकर्स पण भरपूर, पण एका दिवसाच्या खेपेला ऑर्डर पिकअप वगैरे भानगडीत पडू नका.

आता लगदा का झाला ते ऐका. आतून मऊ कुकी म्हणजे मुद्दाम कमी भाजलेली आणि ब्राऊन शुगर घातलेली. ब्राऊन शुगरमध्ये काकवी असते, ती पाणी धरून ठेवते. त्यात चॉकलेट, गाडीतली गरमी, वर रिबीन आवळलेली. तुमचं दुकान वाईट नसेलही, तुम्ही गरम गरम घेतल्या असतील. विचारा कधी भाजल्यात, पूर्ण गार झालेल्याच घ्या, खोक्यात एकावर एक नको, मधे बटर पेपर, आणि खोका मांडीवर आडवा. बॅगेत उभा घातलात तर परत हाच धागा काढाल.

सगळ्यात महत्त्वाचं, मऊ कुकी आणि बटासा एका डब्यात अजिबात नको. कुकीतलं पाणी बटाशात जातं, रात्रभरात बटासा सादळतो आणि कुकी कडक होते. दोन्ही वाया. बटासा पत्र्याच्या डब्यात, वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट. औषधाच्या बाटलीत किंवा बुटाच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते ती डब्यात टाकतात लोक, मला आवडत नाही, मी कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवते, मिठाच्या बरणीत ठेवतो तसे.

खारीचा_वाटा:
आणि सादळलाच तर? कोकणात सादळणारच.

ओव्हनवाली:
ओव्हन असेल तर १५० वर पाच-सात मिनिटं, बाहेर काढून गार होऊ द्यायचं, गरम असताना मऊच लागतं म्हणून लोक आणखी भाजतात आणि करपवतात. ओव्हन नसेल तर जाड तवा, अगदी मंद गॅस, वर झाकण नको, वाफ अडकते. हे बटर, टोस्ट, बटासा, नानकटाई सगळ्याला. चॉकलेट चिपला नको, चॉकलेट वितळेल.

वायंगणी:
अपडेट देतो, उशीर झाला, घरी आल्यावर तीन दिवस लाईट नव्हती.

म्हाडातलं काम दीड वाजताच झालं. भाचीच्या कुकीज बांद्र्यात घेतल्या, गार बघून, ओव्हनवाली ताईंचं नाव न घेता सगळे प्रश्न विचारले, काउंटरवरच्या मुलीने मला इन्स्पेक्टर समजलं असावं. मग चर्चगेट लोकल, मरीन लाइन्सला उतरलो. गल्ली दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा खरंच वासाने सापडली. बटासा किलोवर. मी अर्धा किलो मागितला, एक तोंडात टाकला, मला काही खास वाटला नाही खरं सांगू का, सुका खारट गोळा. चीज पापडी मात्र ठाण्याच्या पुढे गेली नाही. क्यानीत चहा प्यायलो, बाबांसाठी फोटो काढला, आता मेट्रो मल्टिप्लेक्स झालंय ते त्यांना सांगितलं तर म्हणाले माहीत आहे, तू नको सांगू.

आता गोची. गाडीत डबा ठेवायला जागा होईना, वरच्या बर्थवाल्याची मुलं, मी झोपलो, आणि बायकोच्या भावाने, जो पनवेलला चढला होता, चांगुलपणाने कुकीजचा खोका उघडून त्या ‘नीट’ बटाशाच्या डब्यात ठेवल्या. खोका दबत होता म्हणे. कणकवलीला उठलो तर एकच डबा आणि वर नीट घट्ट पिशवी. ओव्हनवाली ताई, तुम्ही सांगितलं तेच झालं, अगदी शब्दशः. बटासा चामड्यासारखा आणि कुकीज कडक. भाचीने कडक कुकीज दुधात बुडवून खाल्ल्या आणि म्हणाली मस्त आहेत, तिला आतून मऊ म्हणजे काय हे कळलंच नाही बहुतेक.

बटासा तव्यावर घातला. आईने. मंद गॅसवर, एकेक उलटत, वीस मिनिटं गेली असतील, मग सुपात पसरून गार केला. हातात घेऊन दोन बटासे एकमेकांवर आपटले तर टक्क आवाज आला, तेव्हा आई म्हणाली आता द्या.

बाबांनी एक घेतला, बशीत चहा ओतला, बुडवला, वर काढून बघितला, फुगला होता, पडला नव्हता. खाल्ला. दुसरा घेतला. मग बशी बाजूला सारून म्हणाले, “बिस्कीट तांच हा. चाय चुकली.”

तेव्हा मंडळी, पुढचा प्रश्न. इराणी चहा घरी कसा करतात? आमच्याकडे गवती चहा आलं घालून उकळतात तो चालणार नाही असा निरोप आहे. दूध वेगळं आटवतात असं ऐकलंय, किती आटवायचं? वेगळा धागा काढू की इथेच सांगता? बटासे तेरा उरलेत.

परळची_पोर:
इथेच सांगते, थांबा, आईला फोन लावते.